मातेचे वजन, बाळाचे आरोग्य

गर्भारपणाविषयी आपल्या घरांत दोन समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. 'दोन जिवांची आहेस, दुप्पट खा' हा एक आणि 'फार खाल्लेस तर बाळ मोठे होईल, बाळंतपण जड जाईल' हा दुसरा. वैद्यकशास्त्राच्या कसोटीला दोन्ही उतरत नाहीत.

गरोदरपणी वजन किती वाढावे, हे मातेच्या आधीच्या वजनावरून ठरते. पाच फूट उंचीच्या स्त्रीचे वजन ४३ किलोंहून कमी असल्यास ते अपुरे, तर ५८ किलोंच्या पुढे गेल्यास अधिक मानले जाते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९ च्या शिफारशींनुसार, गर्भात एकच बाळ असताना कृश मातेचे वजन १२.५ ते १८ किलो, योग्य वजनाच्या मातेचे ११.५ ते १६, अधिक वजनाच्या मातेचे ७ ते ११.५ आणि स्थूल मातेचे ५ ते ९ किलो वाढावे. कृश मातेचे बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोंहून कमी वजनाचे जन्मण्याचा धोका असतो. स्थूल मातेला मधुमेह, उच्च रक्तदाब व सिझेरियनचा धोका अधिक. तथापि, गरोदरपणी वजन घटविण्यासाठी उपाशी राहणे सर्वथा अयोग्य होय.

१९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी जवळच्या सहा खेड्यांत मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांहून बरीच लहान होती. परंतु त्यांच्या शरीरात स्नायू कमी आणि त्यामानाने चरबी अधिक आढळली. अशी ठेवण पुढील आयुष्यात मधुमेहाला वाट करून देते, असे संशोधक मानतात. ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे तुलनेने मोठी होती, हेही त्यात दिसून आले.

म्हणून मातेची काळजी दिवस राहिल्यानंतर नव्हे, तर मुलीच्या ताटापासूनच सुरू व्हावयास हवी. सर्वांना वाढून उरलेले खाणारी सून ही त्यागमूर्ती म्हणून गौरविली जाते. पण त्या त्यागाची किंमत बाळही मोजते. पतीने व सासूने तिला आपल्यासोबत जेवावयास बसवावे. दरमहा ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा. विवाहपूर्व मार्गदर्शनातही हा विषय यावा.

पवित्र मरिया गरोदर अलीशिबेकडे त्वरेने गेली व सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली, असे संत लूक सांगतो. गर्भवतीची सेवा ही आपल्या श्रद्धेचीच शिकवण आहे.