वडिलोपार्जित रायफल आणि मोठें काडतूस

खंडेनवमीच्या दिवशीं अमडापुरांतील आमच्या एका स्नेह्यांच्या वाड्यांत आम्हांस दरवर्षीं बोलावणें असतें. बल्लाळदेवीचें दर्शन घेऊन आम्ही तेथें पोंचतों, तों देवघरासमोर पाटावर विळे, कोयते, तागडी आणि लेखण्या यांच्या शेजारीं एक रायफल मांडलेली असते. आजोबांच्या हातची ती वस्तु. परवाना थोरल्या बंधूंच्या नांवें रीतसर झालेला. पूजा आटोपली कीं ती पुनः कुलुपांत जाते. तिचीं काडतुसें मिळेनाशीं होऊन पुष्कळ वर्षें लोटलीं. गेल्या खंडेनवमीस मात्र ती लगेच आंत गेली नाहीं. घरांतील धाकटा नातू पुण्यास यंत्रशास्त्र शिकतो. त्यानें सुचविलें कीं, हिची नळी किंचित् रुंद करून हिला मोठ्या काडतुसास जुळवून घ्यावें, म्हणजे ही पुनः उपयोगांत येईल आणि शेतांत धुडगूस घालणाऱ्या रोह्यांचा व रानडुकरांचा बंदोबस्तही होईल. काकांस तें पटलें, थोरल्यांस पटलें नाहीं, आणि आजींनीं तर कानांवर हातच ठेवले. शेवटीं "मास्तर, तुम्हींच काय तें सांगा" असें म्हणून हा वाद आमच्या पदरांत टाकण्यांत आला.

आम्हीं जन्मभर शब्दरूपें घोकून घेतलीं. अमरकोशांतील आयुधांच्या नांवांपलीकडे शस्त्रांशीं आमचा परिचय नाहीं. तथापि प्रश्न घरांतील मुलामाणसांच्या जिवाचा होता. तेव्हां मुदत मागून घेतली, मिळाले ते ग्रंथ पाहिले आणि जाणत्यांस विचारिलें. त्यांतून जें हातीं लागलें तें अशाच जुन्या वस्तु जपणाऱ्या इतर घरांसही उपयोगीं पडेल, म्हणून येथें देत आहों.

ही रायफल २७५ बोअरची, मौझर पद्धतीची आहे. हा आकडा इंचाच्या हजारांशाचा असून नळीच्या आंतील आट्यांच्या माथ्यांमध्यें जें अंतर असतें तें तो दाखवितो. जर्मन लोक याच काडतुसास ७ × ५७ म्हणतात. पैकीं ५७ ही त्याच्या पितळी कोशाची मिलिमीटरांत लांबी. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ सालीं मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांस जी रायफल भेट मिळाली, ती याच जातीची होती. वाड्यांतील रायफलीचा अभिमान घरच्यांस आधींच होता; हें कळल्यावर तो दुणावला, आणि आमचें काम थोडें अवघड झालें.

नातवाचा पहिला विचार ३१५ बोअरचा होता. तीं काडतुसें आपल्याच देशांतील आयुध कारखान्यांत होतात, आणि त्यांची गोळीही मोठी असते. परंतु त्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेला कांठ असतो. मौझरचा बोल्ट व मॅगझिन हीं बिनकांठाच्या काडतुसासाठीं घडविलेलीं असल्यामुळें तें तेथें नीट बसत नाहीं. मग त्यानें ३०-०६ या अमेरिकन काडतुसाचें नांव घेतलें. त्यांतील ३० हा इंचाचा अंश, आणि ०६ म्हणजे १९०६ हें साल. याचें बूड जवळजवळ मौझर काडतुसाएवढेंच असल्यामुळें बोल्टास हात लावावा लागत नाहीं. नळी नव्यानें कोरावयाची, नवे आटे पाडावयाचे आणि काडतूस बसण्याचा कोठा लांबवावयाचा. कोश ५७ चा ६३ मिलिमीटर झाला, म्हणजे जुना कोठा नव्याच्या पोटांतच विरून जातो. कुशल कारागीर हें काम करतात यांत शंका नाहीं. मुलानें कागदावर काढलेली आकृतिही चुकीची नव्हती.

अडचण नळींत नाहीं, ती खालीं मॅगझिनमध्यें आहे. अखंड काडतूस सुमारें ७८ मिलिमीटरांचें होतें, तें आतां सुमारें ८५ चें होणार. सातासाठीं घडविलेली पेटी लांबवावयाची, तर पुढचा उतार कापावा लागतो. ज्यावरून काडतूस घसरून कोठ्यांत शिरतें, तो हा उतार. आणि त्या उताराच्याच वर, बोल्टाचा खालचा कान ज्या खांद्यास टेकून स्फोटाचा सगळा रेटा सोसतो, तो खांदा असतो. उतार कापावा तितका खांदा बारीक होत जातो. शिवाय जुन्या मौझरचें पोलाद वरून कठीण व आंतून मऊ ठेवलेलें असे. वरचा कठीण थर खरवडला गेला म्हणजे मऊ पोलाद उघडें पडतें, रेट्यानें तें हळूहळू दबतें, आणि बोल्ट व काडतूस यांमधील जागा वाढत जाते. एके दिवशीं पितळी कोश फाटून पेटलेला वायु मागें येतो. मागें नेम धरणाराचा डोळा असतो.

नातू म्हणाला, "गुरुजी, पण दाबांत फारसें अंतर नाहीं." तेंही खरें. युरोपीय प्रमाणांत एकास ३,९०० बार व दुसऱ्यास ४,०५० बार ही मर्यादा आहे. आम्हीं त्याला एवढेंच विचारिलें कीं, ही मर्यादा नव्या, न कापलेल्या पोलादाची कीं आजोबांच्या? विलायतेंत असा फेरफार झालेली बंदूक लंडन वा बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहांत नेऊन, मुद्दाम अधिक दाबाचें काडतूस उडवून पुनः पारखावी लागते, आणि उत्तीर्ण झाल्यावर तिजवर नवी मुद्रा उमटते. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ पासून हेंच काम करीत आहे. जेथें हा कारभार शतकानुशतकें चालला, तेथें देखील कारागिराच्या नुसत्या शब्दावर कोणी विसंबत नाहीं.

मोठें काडतूस मनुष्य कां मागतो, याचे दोन दाखले येथें देण्याजोगे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीं सरकारनें हिंदुस्थानांत ४५० बोअरचीं काडतुसें आणण्यास बंदी केली. कारण त्या मापाच्या गोळ्या बंडखोरांच्या हातीं पडून जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांत चालतील अशी भीति होती. मग इंग्रज बंदूकवाल्यांनीं ४६५, ४७० अशीं किंचित् मोठीं मापें पुढें केलीं. वाघ किंवा गवा यांची त्या वाढीशीं कांहीं मागणी नव्हती. मागणी कायद्याची होती!

दुसरा दाखला अधिक गंभीर आहे. अमेरिकेंत १९५६ सालीं ४५८ विंचेस्टर मॅग्नम हें काडतूस निघालें. कोश आंखूड, त्यांत दारू दाबून भरलेली. त्यामुळें जाहीर केलेला वेग पुष्कळदां मिळेना. जॅक लॉट या शिकाऱ्यास १९५९ मध्यें मोझांबिकांत एका रानरेड्यानें जबर जखमी केलें. त्या अनुभवावरून त्यानें १९७१ सालीं लांब कोशाचें ४५८ लॉट तयार केलें. यांत नळी तीच, गोळी तीच. फक्त कोठा तीन दशांश इंचानें लांबवावयाचा. ५०० ग्रेनच्या गोळीचा वेग सेकंदास सुमारें २,३०० फूट झाला. शिवाय जुनें आंखूड काडतूसही त्याच कोठ्यांत उडवितां येतें. फेरफार असावा तर असा, असें आम्हांसही वाटलें. परंतु त्यालाही खांद्याकडून कर द्यावा लागतो. गोळीचा जोर सहावा हिस्सा वाढला तर बंदुकीचा धक्का त्याहून अधिक वाढतो, आणि धक्क्यास भ्यालेला मनुष्य घोडा ओढतांना डोळे मिटतो. मग गोळी भलतीकडे लागते. चंपावतच्या त्याच वाघिणीचे उजव्या बाजूचे दोन सुळे अशाच कोणाच्या तरी जुन्या गोळीनें मोडलेले होते, आणि ती माणसांकडे कां वळली याचें कारण कॉर्बेट यांनीं तेंच दिलें आहे.

राहतां राहिला कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें बंदुकीचें रूपांतर किंवा दुरुस्ती करण्यास त्या कामाचा स्वतंत्र परवाना लागतो. गांवांतील लेथवाला कितीही हुशार असला तरी त्यानें हात लावला कीं तो गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनें त्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली आहे. घरच्या परवान्यावरही बोअर लिहिलेला असतो, तो बदलल्यास परवाना वेगळा आणि वस्तु वेगळी अशी स्थिति होते. बरें, एवढें करून मारावयाचें कोणास? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकार बंद आहे, आणि पीक खाणाऱ्या जनावरांसही वनखात्याच्या परवानगीवांचून गोळी घालतां येत नाहीं. शेतकऱ्याचें दुःख खोटें नव्हे. रात्रभर जागल करून सकाळीं लोळविलेला हरभरा पाहणें काय असतें, हें आम्हांस ठाऊक आहे. पण त्यावर कुंपण, दिवे आणि नुकसानभरपाईचा अर्ज, हेच तूर्त मार्ग आहेत. शिवाय १९९७ पासून अभयारण्य झालेलें ज्ञानगंगेचें रान येथून दूर नाहीं. २०१९ सालीं टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ हजारांहून अधिक किलोमीटर चालत त्याच रानांत येऊन राहिला होता.

हें सारें आम्हीं वाड्यांतील ओसरीवर बसून सांगितलें. काका कांहीं वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे बाबांची बंदूक आतां नुसती पूजेचीच!" थोरले कांहीं बोलले नाहींत. नातवानें आकृतीचा कागद घडी करून खिशांत ठेवला आणि रायफल पुसून, तेल लावून, मोजून पाहूं द्यावी एवढीच परवानगी मागितली. ती थोरल्यांनीं आपल्यासमक्ष दिली. मापें घेण्यांत दुपार गेली. आजींनीं दोनदां चहा पाठविला, आणि दुसऱ्यांदा पेले न्यावयास त्या स्वतःच बाहेर येऊन बसल्या.