अवघड शब्द सोपे करणाऱ्या पंडिता

परवा आमच्या तळेऱ्याच्या वर्गात धडा वाचताना 'तृषार्त' हा शब्द आला. एक मुलगी चटकन म्हणाली, "गुरुजी, तहानलेला असं का नाही लिहिलं?" सगळे हसले. मी मात्र हसलो नाही. मला पंडिता रमाबाई आठवल्या.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. बायकांनी संस्कृत शिकायचे नाही, असा तो काळ. पण वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने रमेला. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. रमा आणि तिचा भाऊ पायी देशभर हिंडले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' ही पदवी दिली!

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. इकडे पुष्कळ लोक रागावले. पण गंमत पाहा, तिकडच्या धर्मगुरूंचेही त्यांनी सगळे मुकाट्याने ऐकले नाही. आम्ही सांगतो तसेच माना, हे त्यांना पटेना. बायबल मी स्वतः वाचीन आणि मनाला पटेल तेच मानीन, असा त्यांचा बाणा होता.

1889 मध्ये परत येऊन त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी 'शारदा सदन' काढले. पुढे ते पुण्याला आले. 1896 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो अनाथ मुलींना आसरा दिला. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला 'मुक्ती' उभे राहिले. तिथे मुली विणकाम, शेती, छापखान्याचे काम शिकू लागल्या. लिहावाचायलाही शिकल्या.

आता अडचण आली ती पुस्तकाची. मराठी बायबल होते, पण रमाबाईंना त्याची भाषा फार संस्कृतमिश्रित वाटे. नुकत्याच अक्षरे लावू लागलेल्या मुलीला ती कशी कळणार? मग या संस्कृतच्या पंडितेनेच सोप्या मराठीत नवे भाषांतर करायला घेतले. मूळ ग्रंथ हिब्रू आणि ग्रीक भाषेत. म्हणून त्या दोन्ही भाषा शिकल्या. पंधरा-एक वर्षे हे काम चालले. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच खिळे जुळवून पाने छापली.

1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले ते 1924 मध्ये.

अवघड बोलता येणे ही विद्वत्ता खरीच. पण सगळे येत असूनही दुसऱ्यासाठी सोपे लिहिणे, याला मन मोठे लागते, बरं का! तेव्हा एखादा शब्द अडला तर लाजू नका. "म्हणजे काय?" असे खुशाल विचारा. आणि तुम्हाला कळले की धाकट्या भावंडाला सोपे करून सांगा. सांगाल ना?