मोरियाच्या वाटेवरचे तीन दिवस

शब्बाथ शाळेत उत्पत्तीचा बाविसावा अध्याय आला की मी मुलांना एकच काम देते: या गोष्टीत कोण नाही ते शोधा. अब्राहाम आहे, इसहाक आहे, दोन चाकर आहेत, गाढव आहे, झुडपात शिंगं अडकलेला एडकासुद्धा आहे. मुलं वचनांवरून बोट फिरवत राहतात आणि मग कुणीतरी विचारतंच, "बाई, त्याची आई कुठंय?"

सारा या अख्ख्या अध्यायात नाही. नव्वदाव्या वर्षी झालेला मुलगा देवाच्या सांगण्यावरून बळी द्यायला नेला जातोय, हे तिला ठाऊक होतं का? अब्राहाम मोठ्या पहाटे उठला, गाढवावर खोगीर घातलं, लाकडं फोडली, एवढंच शास्त्र सांगतं. लाकडं फोडल्याचा आवाज तिच्या कानी गेलाच नसेल? पुढच्याच अध्यायात ती हेब्रोनात मरण पावते. यहुदी रब्बींनी हे दोन अध्याय शेजारी ठेवून पाहिले आणि म्हटलं, मोरियावरची बातमी ऐकूनच तिने प्राण सोडला.

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आपण भरभर वाचतो, एडका दिसेपर्यंत थांबतच नाही. पण वाट तीन दिवसांची होती. मोरिया म्हणजे यरुशलेमातली मंदिराची टेकडी, असं इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. तसं धरलं तर बैर-शेबाहून ती वाट 80 किलोमीटरच्या आसपास भरते, कोरड्या नेगेवातून यहूदाच्या डोंगरांकडे चढत जाणारी. बापाचं वय शंभरीपार. डोंगराचा चढ लागेपर्यंत बापलेक काय बोलले, याबद्दल शास्त्रात अक्षर नाही. शेवटच्या चढावर लाकडं मुलाच्या पाठीवर येतात. विस्तव आणि सुरी बाप स्वतःकडे ठेवतो. मुलाला इजा होईल अशा वस्तू त्याने त्याच्या हाती दिल्या नाहीत. या वचनापाशी मी दर वेळी थांबते, मुलांनाही थांबवते.

चित्रांच्या पुस्तकांत इसहाक दहा वर्षांचा असतो. पण होमाची लाकडं घेऊन डोंगर चढणारा मुलगा केवढा असेल? इतिहासकार योसेफसने त्याला 25 वर्षांचा म्हटलंय. सारा 127 व्या वर्षी गेली, त्यावरून रब्बींनी 37 हा आकडा काढला. तो तरुण असेल, तर म्हाताऱ्या बापाला त्याच्या संमतीवाचून त्याला बांधता आलं नसतं. मग ही एकट्या अब्राहामाची परीक्षा उरत नाही. कुराणात तर बाप मुलाला स्वप्न सांगून त्याचं मत विचारतो. तिथे मुलाचं नाव नाही, बहुतेक मुसलमान त्याला इस्माईल मानतात. बकरी ईद माहीत असलेली मुलं हा भाग फार मन लावून ऐकतात.

असे प्रश्न विचारल्याने विश्वास डळमळेल, असं काही वडीलधाऱ्यांना वाटतं. मला उलट वाटतं. फादर स्टीफन्स यांच्या 1616 च्या क्रिस्तपुराणात श्रोते पाद्रींना मधूनमधून शंका विचारतात आणि कथा त्यातूनच पुढे सरकते. चारशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेत हे होत होतं. मात्र फळ्यावर मी दोन रकाने आखते: लिहिलेलं काय आणि आपण कल्पिलेलं काय. ही रेघ मी पुसू देत नाही.

रेम्ब्रांटलाही ही गोष्ट एकदा रंगवून पुरली नाही. 1635 च्या चित्रात बापाच्या पंजाखाली मुलाचा अख्खा चेहरा झाकलेला आहे आणि सुरी हातातून निसटून हवेत आहे. वीस वर्षांनंतरच्या एचिंगमध्ये मुलगा बापाच्या गुडघ्यापाशी टेकलाय, बापाने नुसते त्याचे डोळे झाकलेत आणि देवदूताने मागून दोघांना कवेत घेतलंय. दोन्ही चित्रं मी वर्गात शेजारी लावते.

एकोणिसावं वचन मी मोठ्या मुलांसाठी राखून ठेवते. अब्राहाम चाकरांकडे परतला आणि ते मिळून बैर-शेबाला गेले, असं तिथे आहे. इसहाकाचं नाव नाही. तो कुठे गेला, कुणाबरोबर उतरला, आईला भेटला का? दुसरा रकाना इथे काठोकाठ भरतो, आणि मुलं घरी जाऊन आजीआजोबांनाही तेच विचारतात.