शरीरातील सांगावे आणि एक दुखणे

नळदुर्गचा किल्ला आपल्या जिल्ह्यातील बहुतेकांनी पाहिलेला असतो. तट कितीही भक्कम असला, तरी किल्ल्याचे खरे बळ शिबंदीत आणि तिला वेळेवर मिळणाऱ्या सांगाव्यात असते. आपल्या शरीराचीही अशीच एक शिबंदी आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे ती शिबंदी. त्या एकमेकींना जे सांगावे धाडतात ते प्रथिनांचे सूक्ष्म रेणू असतात. त्यांना 'सायटोकाईन' म्हणतात. 'शत्रू आला, धावा' हा एक सांगावा, तर 'पुरे, आता थांबा' हा दुसरा. मी कला शाखेचा विद्यार्थी. परंतु नात्यातील एका ताईंना 'मल्टिपल स्क्लेरोसिस' हा विकार जडला, तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचीत आलो आहे.

हा विकार म्हणजे तरी काय? विहिरीवरील मोटारीच्या वायरीचे आवरण उंदराने कुरतडले की मोटार अडखळते. मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरही 'मायलिन' नावाचे आवरण असते. चेतलेल्या पांढऱ्या पेशी मेंदूत शिरतात, 'इंटरफेरॉन-गॅमा' व 'इंटरल्युकिन-१७' यांसारखे धावून येण्याचे सांगावे सुटतात आणि शिबंदी शत्रू समजून आपल्याच मायलिनवर तुटून पडते. मग डोळ्याला अंधुक दिसते, पाय बधिर होतात, तोल जातो. विकार बहुधा वीस ते चाळीस या वयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो.

सूज ओसरली की लक्षणेही पुष्कळदा ओसरतात. ताईंची दृष्टी महिनाभरात परतली, तेव्हा घरच्यांना वाटले, अंगारा लागू पडला. दोन वर्षांनी पाय जड झाले, तेव्हा कुठे निदान झाले.

उपचारांचा इतिहास उद्बोधक आहे. १९५७ साली आयझॅक्स व लिंडेनमन यांनी विषाणूंना रोखणारे 'इंटरफेरॉन' शोधले. पुढे त्याचा गॅमा प्रकार या विकारावर योजून पाहिला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १८ रुग्णांपैकी ७ जणांना उलट नवा झटका आला! मात्र त्याच कुळातील 'इंटरफेरॉन-बीटा'ने झटके सुमारे एकतृतीयांशाने घटले, आणि १९९३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. संधिवातात 'टीएनएफ' हा सांगावा अडवला की आराम पडतो. पण या विकारात तो अडवून पाहिला, तर झटके वाढले. तात्पर्य, एकच सांगावा एका ठिकाणी आग लावतो, तर दुसरीकडे ती विझवतो. म्हणूनच पुढील काही औषधांनी निराळा मार्ग धरला. 'नॅटालिझुमॅब' पेशींची मेंदूत शिरण्याची वाटच अडवते, तर 'ऑक्रेलिझुमॅब' बी-पेशींची संख्या घटवते. ही औषधे नवे झटके कमी करतात. झिजून गेलेले तंतू मात्र परत आणीत नाहीत. वेळेचे मोल आहे ते यामुळेच.

आपल्या देशात १९८५ साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या विकाराचाही समावेश आहे.

मित्रहो, आपल्या वयाच्या कोणाची एका डोळ्याची नजर अचानक अंधुक झाली, किंवा हातापायांचा बधिरपणा येऊन गेला, तर 'गेले ना आपोआप' म्हणून गप्प बसू नका. मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा, त्यांनी सांगितल्यास एमआरआय करून घ्या. शरीराने धाडलेला हा सांगावा तरी आपण वेळेवर ऐकला पाहिजे.