व्यवस्थापकाचे राजकीय मत आणि त्याची नोकरी

देहूहून इंद्रायणी आळंदीकडे वाहत जाते, त्या वाटेवर तळवडे हे गाव लागते. एके काळचे हे शेतकऱ्यांचे गाव आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत मोडते, आणि लहानमोठे कारखाने व संगणक-उद्योगाच्या कचेऱ्या यांनी ते गजबजून गेले आहे. सकाळी येथे कामावर निघालेल्या गर्दीत यंत्रावर उभा राहणारा कामगार असतो, तसाच त्याच्यावर देखरेख करणारा व्यवस्थापकही असतो. दोघेही मतदार आहेत, आणि देशाच्या कारभाराविषयी दोघांनाही काही ना काही वाटत असते. परंतु ते वाटणे मालकास रुचले नाही व त्यापायी नोकरीवर गदा आली, तर दोघांची स्थिती सारखी राहत नाही.

कामगाराच्या पाठीशी कायदा उभा आहे. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि त्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेली औद्योगिक संबंध संहिता, या दोहोंचे धोरण या बाबतीत एकच आहे. सूडबुद्धीने कामावरून काढणे ही अनुचित प्रथा मानली जाते, आणि कामगारास पुन्हा कामावर घ्यावे असा हुकूम न्यायाधिकरण देऊ शकते. तथापि मुख्यतः व्यवस्थापनाचे किंवा प्रशासनाचे काम करणाऱ्यांना ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येतून वगळलेले आहे. देखरेखीचे काम करून दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणाराही तीत बसत नाही. म्हणजे हुद्दा चढला की संरक्षण उतरते. व्यवस्थापकाचे मालकाशी नाते करारापुरते असते. नियुक्तिपत्रात लिहिलेल्या मुदतीची नोटीस, अथवा तिच्याऐवजी तेवढ्या दिवसांचा पगार हाती ठेवला, की ते संपते. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सहसा सक्तीने पाळावयास लावीत नाही. फार तर नुकसानभरपाई देवविते.

सरकारी नोकराची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे त्यास राजकीय पक्षाचे सभासद होता येत नाही. परंतु राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदामुळे, काही अपवाद सोडता, चौकशीवाचून त्यास बडतर्फही करता येत नाही. मध्य प्रदेशातील एका शिक्षकास, सरकारी नोकरीत येण्यापूर्वी तो राष्ट्रीय स्वयंसेवक संघ व जनसंघ यांच्या कार्यात भाग घेत असे, या कारणावरून काढण्यात आले होते. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कारण अग्राह्य ठरविले. सारांश, सरकारी नोकरावर बंधन आहे व त्यास संरक्षणही आहे. खाजगी व्यवस्थापकावर कायद्याचे तसे बंधन नाही, आणि तसे संरक्षणही नाही.

मग उद्योगधंद्यातील माणूस मोकळेपणाने बोलतो तरी केव्हा? तळवड्याच्या शेजारीच आकुर्डी आहे. तेथील बजाज ऑटो कंपनीचे अध्यक्ष राहुल बजाज यांनी ३० नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईतील एका समारंभात, केंद्रीय गृहमंत्री अमित शहा व्यासपीठावर असताना, एक गोष्ट उघड बोलून दाखविली. सरकारवर टीका केली तर ती मनावर घेतली जाणार नाही, असा विश्वास उद्योगपतींना वाटत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कोणीही भिण्याचे कारण नाही, आणि तसे वातावरण असेल तर ते सुधारण्याचा यत्न केला पाहिजे, असे उत्तर गृहमंत्र्यांनी दिले. त्या बोलण्यावर देशभर चर्चा झाली. कोणी बजाजांची वाहवा केली, कोणी त्यांना दोष दिला. परंतु त्यांच्या अध्यक्षपदास धक्का लागला नाही. तो लागणारही नव्हता, कारण कंपनीची सूत्रे त्यांच्याच घराण्याकडे होती. त्यांच्याच कारखान्यांतील एखाद्या पगारदार व्यवस्थापकाने तेच उद्गार, किंवा त्याच्या अगदी विरुद्ध उद्गार, अशाच एखाद्या सभेत काढले असते तर? मत मांडण्याची मुभा घटनेने सर्वांना सारखी दिली असली, तरी तिची किंमत मोजण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते. मालकाचे भांडवल त्याच्यापाशी राहते. पगारदाराच्या घराचा हप्ता व मुलांची शाळा मात्र पुढल्या महिन्याच्या वेतनावर अवलंबून असते.

मताच्या संशयावरून माणसास छळण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. महादेव गोविंद रानडे हे पुण्यास न्यायाधीश असता सार्वजनिक सभेच्या कार्यात लक्ष घालीत. सरकारला ते खुपले. १८७८ साली त्यांची बदली नाशिकला झाली, आणि १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाची धामधूम चालू असताना धुळ्यास. तेथे त्यांचे टपाल काही काळ फोडून पाहिले जात असे. परंतु त्यांच्या निवाड्यांत पक्षपात आढळला नाही. त्यांची नोकरी टिकली, आणि १८९३ साली तेच रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. परक्या सरकारलाही अखेरीस माणसाचे काम व माणसाचे मत ही वेगवेगळी तोलावी लागली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

परदेशातील दोन प्रकरणे या प्रश्नाच्या दोन बाजू दाखवितात. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड येथे आर्थर रेडफर्न नावाचा एक बसचालक होता. २००४ साली तो एका अतिरेकी गोऱ्या राष्ट्रवादी पक्षातर्फे नगरसेवक निवडून आला, आणि मालकाने त्यास काढून टाकले. त्याच्या बसमधील उतारू बहुतांशी आशियाई वंशाचे होते. तरी त्याच्या कामाविषयी तक्रार नव्हती. २०१२ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल दिला, की राजकीय मतासाठी काढलेल्या माणसास दाद मागण्याची वाट कायद्याने ठेविली पाहिजे. पुढल्याच वर्षी ब्रिटनने आपला कायदा सुधारला.

दुसरे प्रकरण अमेरिकेतील मोझिला या संगणक-संस्थेचे. तिचे एक संस्थापक ब्रेंडन आइक यांची २४ मार्च २०१४ रोजी मुख्याधिकारी म्हणून नेमणूक जाहीर झाली. २००८ साली कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहास मनाई करणाऱ्या प्रस्तावास त्यांनी पदरचे १,००० डॉलर दिले होते. त्यावरून काहूर उठले व ३ एप्रिल रोजी त्यांनी पद सोडले. कर्मचाऱ्यांच्या राजकीय कार्यावर मालकाने नियंत्रण ठेवू नये, असा कायदा ज्या राज्यात आहे, तेथेच हे घडले. वादाचा विषय त्यांचे कचेरीतील वर्तन नसून ती देणगी होती. उलटपक्षी, ज्यांचा हक्क त्या प्रस्तावाने हिरावला जात होता, त्यांपैकी काहींना त्याच माणसाच्या हाताखाली काम करावयाचे होते, हेही विसरता येत नाही.

कोणी म्हणेल, मुख्याधिकारी हा कंपनीचा चेहरा आहे. तो लोकांना नकोसा झाला तर मालकाने नुकसान का सोसावे? हा आक्षेप पोकळ नाही. व्यवस्थापकाच्या हाती शेकडो माणसांची भरती, बढती व रजा असते. एखादी जात, धर्म किंवा प्रांत यांच्या लोकांना काम जमतच नाही, असे जो चारचौघांत बोलतो, तो केवळ मत सांगत नाही. उद्या आपण बढती कशी देणार याची तो आगाऊ वर्दी देतो. अशा माणसाच्या हाती ती सत्ता ठेवू नये, हे योग्यच. परंतु तो अमक्या पक्षास मत देतो, तमक्या कायद्यास विरोध करतो, रविवारी एखाद्या मोर्च्यात चालतो, याचा त्याच्या कामाशी संबंध कोणता?

हा भेद नवा नाही. नोकरीतील भेदभावाविषयीच्या १९५८ च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश, धर्म यांच्याबरोबर राजकीय मताचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्या कामाची अंगभूत गरज तेवढी अपवाद म्हणून मानलेली आहे. भारताने हा करार १९६० साली मान्य केला. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यातही याच विचाराचा धागा दिसतो. कंपनीच्या पैशातून राजकीय देणगी द्यावयाची तर संचालक मंडळाचा ठराव लागतो. स्वतःच्या पगारातून देणगी देणाऱ्या अधिकाऱ्यास असा ठराव लागत नाही. कंपनीचा खिसा वेगळा, माणसाचा खिसा वेगळा.

म्हणून कोणत्याही संचालक मंडळाने अशा प्रसंगी तीन प्रश्न विचारावेत. अधिकाऱ्याने कंपनीचे नाव, पैसा किंवा वेळ आपल्या मतासाठी वापरला काय? हाताखालच्या माणसांवर त्या मतासाठी दडपण आणले, अथवा त्यांच्यात डावेउजवे केले काय? त्याचे मत त्याच्या नेमलेल्या कर्तव्याच्याच आड येते काय? उत्तर होकारार्थी आले, तर त्याचे म्हणणे ऐकून, पुरावा पाहून, समज देण्यापासून पदमुक्तीपर्यंत योग्य ती उपाययोजना करावी. तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर बाहेरच्या ओरडीस भिऊन त्याचा बळी देऊ नये. कारण आज ओरड एका बाजूची असते, उद्या ती दुसऱ्या बाजूची होते, आणि दरवेळी माणूस मात्र पगारदारच बळी जातो.

ही कसोटी आजच्या कायद्याने खाजगी मालकावर बंधनकारक केलेली नाही. परंतु नियुक्तिपत्रात दोन ओळी घालावयास कोणत्याही कंपनीस कायद्याची आडकाठी नाही. आणि नोकरी पत्करताना त्या ओळी आहेत की नाहीत हे पाहून घेणे, पगाराचा आकडा पाहण्याइतकेच अगत्याचे आहे.