व्यक्तिचित्र कोणासाठीं?

व्यक्तिचित्र म्हणजे माणसाची हुबेहूब प्रतिकृति, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु निरनिराळ्या देशांतील व्यक्तिचित्रें शेजारीं शेजारीं मांडून पाहिलीं, म्हणजे ‘हुबेहूब’ या शब्दाचा अर्थ सर्वत्र एक नव्हता, हें सहज ध्यानांत येतें. चेहऱ्यांतील काय टिपावयाचें, हें चित्र कोणासाठीं काढावयाचें यावर ठरे.

रोमन अमलाखालील ईजिप्तमध्यें, इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत, ममीच्या मुखावर मृताचें चित्र बसवीत. लांकडाच्या पातळ फळीवर, बहुधा मधमाशांच्या मेणांत कालविलेल्या रंगांनीं, तें काढलेलें असे. १८८८ सालीं फ्लिंडर्स पेट्री यांना फायूम प्रांतांतील हवारा येथें अशीं कित्येक चित्रें सांपडलीं. त्यांतील टपोरे डोळे आजहि पाहणाऱ्यावर खिळलेले वाटतात. पण त्यांचें अखेरचें स्थान मात्र थडग्यांतला काळोख हेंच होतें. देहाबरोबर त्या देहाची ओळखहि टिकावी, यासाठीं तो चेहरा होता.

चीनमध्यें मिंग आणि चिंग राजवटींत, म्हणजे १३६८ ते १९१२ या काळांत, पूर्वजांचीं चित्रें निराळ्याच हेतूनें काढीत. पूर्वज समोर तोंड करून निश्चल बसलेला. मुद्रेवर ना हर्ष, ना खेद. अंगावरील झग्याचें भरतकाम आणि अधिकारदर्शक चिन्ह मात्र बारकाईनें रंगविलेलें. पुष्कळदां हें काम मृत्यूनंतर होई; तेव्हां चित्रकार नमुन्याचे चेहरे दाखवी आणि आप्त त्यांतून मिळतेंजुळतें नाक, डोळे निवडीत. नववर्षाच्या सुमारास वंशज त्या चित्रापुढें नतमस्तक होत. तेथें क्षणिक भावाला जागा नव्हती. कुळाचा मान हेंच खरें साम्य.

मोगल दरबारांत याच्या अगदीं उलट प्रसंग घडला. १६१८ सालीं अफू आणि मद्य यांच्या व्यसनानें खंगलेल्या इनायतखानाला पालखींतून जहांगीर बादशहापुढें आणण्यांत आलें. आग्ऱ्यास जाण्याची परवानगी मागावयास तो आला होता. त्याची ती अवस्था पाहून बादशहा थक्क झाला आणि त्यानें चित्रकारांना त्याचें चित्र काढण्याची आज्ञा दिली. दुसऱ्याच दिवशीं इनायतखान मरण पावला. त्याचें रेखाचित्र आज बोस्टनच्या संग्रहालयांत आहे, तर रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत. लोडांना टेकलेला देह, उघड्या छातीच्या बरगड्या, शून्यांत लागलेली दृष्टि. चित्रकारानें कांहींहि झांकलेलें नाहीं. चिनी पूर्वजाला जी प्रतिष्ठा चित्रानें दिली, ती येथें राहिली नाहीं. पण जें दुःख तेथें दिसूं दिलें नसतें, तें येथें चारशें वर्षें टिकून राहिलें.

या दोहोंत अधिक खरें कोणतें, हें निव्वळ साम्यावरून ठरवितां येत नाहीं. एकाला वंशजांचें प्रेम सजवितें, दुसऱ्याला बादशहाचें कुतूहल उघडें पाडतें. ज्याचा चेहरा आहे, त्याची इच्छा मात्र क्वचितच विचारली जाते. म्हणून व्यक्तिचित्रापुढें उभें राहिल्यावर ‘हा माणूस कोण?’ याबरोबरच ‘हा असा दिसावा, असें कोणाला वाटलें?’ हाहि प्रश्न विचारणें अगत्याचें आहे.