रक्त गेले, रिपोर्ट कुठे?

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. सातवा महिना लागलेली एक बाई सासूच्या आधाराने माझ्या दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढली आणि बाकावर बसून धापा टाकू लागली. पापणी ओढून पाहिली, तर आतून पांढरीफटक.

"रक्त तपासलं का?" मी विचारले.

"व्हय की. सरकारी दवाखान्यात. पाच दिस झालं. गाडी येऊन घेऊन गेली."

"मग रिपोर्ट?"

"मोबाइलवर येनार म्हनले," सासू म्हणाली. नंबर दिला होता दिराचा, आणि दीर ऊसतोडीला गेला होता!

मी बोटाला सुई टोचून जुन्या साहली पद्धतीने हिमोग्लोबिन पाहिले. सहाच्याही खाली. गरोदरपणात ते सातच्या खाली गेले की गोळ्यांवर भागत नाही, रुग्णालयात दाखल करावे लागते. सरकारी दवाखान्यात फोन केला. रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी संगणकावर येऊन पडला होता, आकड्यापुढे लाल खूणही होती. पण चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर रजेवर, आणि संगणक उघडून पाहणे हे नेमके कोणाचे काम, ते कोणालाच ठाऊक नव्हते. बाईला त्याच दुपारी जिल्हा रुग्णालयात पाठवले. रक्त चढवले, वाचली.

वाचकहो, सरकारी दवाखान्यात दंडातून काढलेले आपले रक्त पुढे कुठे जाते, हे बहुतेकांना माहीत नसते. केंद्र सरकारने २०१५ साली मोफत निदान सेवा योजना आणली. तिच्या वाढीव यादीनुसार उपकेंद्रात १४, प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३ आणि जिल्हा रुग्णालयात १३४ प्रकारच्या तपासण्या मिळायला हव्यात. एवढी यंत्रे आणि एवढे तंत्रज्ञ प्रत्येक गावी ठेवणे सरकारला जमणारे नव्हते. म्हणून अनेक राज्यांनी हे काम करार करून बाहेरच्या संस्थांना दिले. आंध्र प्रदेशाने २०१६ मध्ये चेन्नईच्या मेडॉल या खासगी कंपनीला रक्त-लघवीच्या तपासण्या दिल्या. पंजाबने सीटी स्कॅनसारखी कामे आपल्या पुण्याच्या कृष्णा डायग्नोस्टिक्सला दिली. म्हणजे स्कॅन काढायचा पंजाबात आणि तो वाचायला तज्ज्ञ बसलेला पुण्यात, असे आता होऊ शकते. महाराष्ट्रात २०१७ मध्ये 'महालॅब' आली. ती चालवायला घेणारी एचएलएल लाइफकेअर ही केंद्र सरकारचीच कंपनी; जुन्या वाचकांना हिंदुस्तान लेटेक्स, म्हणजे 'निरोध'वाली कंपनी, आठवत असेल. तेव्हा आपल्याकडच्या या व्यवस्थेला खासगी म्हणणे चूक ठरेल. पण दवाखान्याच्या दृष्टीने तीही कराराने आलेली बाहेरचीच संस्था, आणि पेशंटच्या अडचणी दोन्हीकडे सारख्याच.

हे सगळे वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. मी १९९२ साली एका ग्रामीण रुग्णालयात होतो. तिथे एक सूक्ष्मदर्शक आणि एक तंत्रज्ञ. थायरॉइडची तपासणी लिहिली, की पेशंटने शहर गाठायचे, खासगी लॅबमध्ये पैसे मोजायचे आणि त्यातला 'कट' चिठ्ठी लिहिणाऱ्याला पोहोचायचा. आमच्या व्यवसायाचा हा रोग काही मला नव्याने सांगायला नको. आज तीच तपासणी गरिबाला फुकट होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत.

मात्र त्या एका तंत्रज्ञाची एक गोष्ट होती. काचपट्टीवर मलेरियाचे जंतू दिसले किंवा हिमोग्लोबिन फार खाली निघाले, की तो हातातले काम टाकून वॉर्डात धावत यायचा. आता लॅब वीस-पंचवीस कोस लांब. तिथला माणूस पेशंटला ओळखत नाही, त्याच्यापुढे फक्त बारकोडची पट्टी.

अंतराचा परिणाम रक्तावरही होतो. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. तासाला पाच ते सात टक्के साखर अशी कमी होते. म्हणून साखरेचे रक्त करड्या टोपणाच्या नळीत घ्यायचे, तीत ही क्रिया रोखणारे औषध असते. पोटॅशियमचे उलटे. रक्त बराच वेळ तसेच राहिले किंवा गाडीत हिंदकळून पेशी फुटल्या, तर ते खोटेच वाढलेले दिसते. त्यामुळे नमुना किती वाजता घेतला आणि गाडी किती वाजता निघाली, याला महत्त्व आहे. उन्हाळ्यात शीतपेटी नसेल तर विचारूच नका.

शिवाय काही तपासण्या दूर पाठवण्याच्या नाहीतच. हिमोग्लोबिन, साखर, लघवीतली प्रथिने, मलेरियाची झटपट चाचणी ही उपकेंद्रात बसल्या जागी होणारी कामे आहेत. त्या बाईचे हिमोग्लोबिन तिथेच बोटावर पाहिले असते, तर पाच दिवस गेले नसते. मोठी लॅब आली म्हणून जागेवरची सुई कपाटात गेली, हे माझे खरे दुखणे आहे.

करारात रिपोर्ट किती तासांत द्यायचा, उशीर झाला तर दंड किती, हे लिहिता येते. तपासणीमागे पैसे ठरले तर तपासण्या फुगण्याची भीती. एकरकमी ठरले तर कामात काटकसर होण्याची. हे सरकारने पाहावे. पण आकडा धोक्याचा निघाला तर फोन कोणी करायचा, कोणाला करायचा आणि तो उचलला नाही तर पुढे काय, हेही तितक्याच ठळकपणे लिहिलेले हवे. संगणकावर रिपोर्ट चढला म्हणजे तो पोहोचला असे नव्हे.

आपल्या हाती आहे ते एवढेच, की रक्त देताना नमुन्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मागून घ्यावी. रिपोर्ट कधी येणार आणि तो कोणते डॉक्टर बघणार, हे तिथेच विचारावे. विचारायला लाजू नये. सांगितलेल्या दिवशी निरोप आला नाही तर 'सगळे बरे असेल' असे समजू नये, स्वतः जाऊन पाहावे. आणि नंबर घरी असणाऱ्या माणसाचा द्यावा.

ती बाई मध्यंतरी मुलीला घेऊन आली होती. मुलगी वजनाला थोडी कमी, पण टकामका बघणारी. सासूने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये घडी घातलेली तपासणीची नवी चिठ्ठी काढून दाखवली. नंबर आता त्यांच्या गल्लीतल्या आशाताईंचा होता.